पंच

तिकिटं टोचायचा पंच डेपोत जमा करून
झाली असतील चौदा-पंधरा वर्षं.
मशीन आलं. बटण दाबलं की कागद आपोआप बाहेर.
पण गाडीची दुसरी पायरी चढताना
माझ्या डाव्या खुब्यात अजून कुणीतरी
पुठ्ठ्याला भोक पाडतं.
कट्ट.

आधी ऐकलं सुकलालभाऊंनी,
स्टिअरिंगवरून मान वळवून :
"ताई, हाऊ कसाना आवाज शे? गाडीना का तुन्हा?"
गाडीचा, म्हटलं मी.
धानोऱ्याला बिचारे खाली वाकून पाटे बघून आले.

चोपडा ते यावल, यावल ते चोपडा.
उजव्या खांद्याला चिल्लरची बॅग, म्हणून कंबर डावीकडे.
सीटच्या दांडीला खुबा टेकवून
एकोणीस वर्षं उभ्यानेच हिशोब जुळवला.
मग त्या कुशीवर झोप येईना.
शेजारच्या द्वारकाबाईंनी तेल दिलं, सोबत निदानही :
हाड सरकलं, आता जन्माचं.

तडवी मॅडम माझ्या पोरीच्या वयाची.
फोटो-बिटो काही मागितला नाही.
"उभ्या राहून दाखवा," म्हणाली, "रोज राहता तशा."

मला लाजच वाटली.
उभं राहणं काय दाखवायची गोष्ट असते?
दाखवलं तर माझा उजवा पाय
नुसता सोबतीला आलेला, फुकट्या पॅसेंजरसारखा.

"मोडलेलं काही नाही," ती म्हणाली.
"बाजेची सुतळी फार ताणली
की खुरावरून घसरताना वाजते ना,
तशी ही पट्टी हाडावरून घसरते.
सुतळी सैल करायची. बाजेचे खूर घट्ट करायचे."

तर आता रोज, भाकरी टाकायच्या आधी, चटई.
उजव्या कुशीवर व्हायचं, गुडघे दुमडून, टाचेला टाच.
वरचा गुडघा उघडायचा, कंबर मागे न कलंडता.
मॅडम म्हणते शिंपला.
मी म्हणते भुईमुगाची ओली शेंग,
एका फटीपुढे उघडायला तयारच नाही.

मग पाठीवर. तळवे रोवून बूड वर उचलायचं.
याचं नाव पूल.
विदगावचा पूल डोळ्यापुढे येतो,
खाली उन्हाळ्यातली तापी, नुसती वाळू.
माझा पूल थरथरतो.
दहा आकडे मोजायचे, पण आकडे दिवसभर तेच असतात,
म्हणून मी गावं मोजते.
अडावद. धानोरा. किनगाव. साकळी.
यावलला खाली उतरते.

"काय करी ऱ्हायनी वं?" दारातून आमचे हे.
पूल बांधी ऱ्हायनू.
"टेंडर कोनं निंघनं?"

भिंतीला हात लावून, पायामागे पाय टाकून
बाजूला झुकायचं तेव्हा
खुब्याच्या बाहेरून एक लांब ओढ जाते
थेट गुडघ्यापर्यंत.
दुखतं, पण गोड दुखतं.
फक्त एक अट :
जिथे आवाज येतो तिथवर पाय न्यायचाच नाही,
त्याच्या अलीकडे थांबायचं.

विनंती थांबा.
एकोणीस वर्षांत एकाही म्हाताऱ्याला
त्याच्या गावापुढे नेऊन उतरवलं नाही मी.
या एका सांध्यालाच रोज नेत आले.

सहाव्या आठवड्यात, सकाळची पहिली फेरी.
दुसरी पायरी.
पाय टाकला आणि तशीच उभी, कान देऊन.
मागून कुणीतरी करवादलं, "चढा ना बाई!"
सुकलालभाऊ आरशातून बघत होते.
"गाडी दुरुस्त व्हयनी वाटस."

खरं सांगायचं तर पूर्ण नाही.
त्याच दिवशी, बाजारची गर्दी, तिसरी फेरी,
साकळीच्या वळणावर एकदा आलाच तो. कट्ट.
एका बाईने मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

बॅग डाव्या खांद्यावर घेतली.
उजव्या पायाला म्हटलं,
तुझं तिकीट काढ आता,
आणि डबल बेल दिली.