घडी

संडरलंड. हॉस्पिटलची लाँड्री, पहाटेचे पाच.
मॉरीन आणि दनूता, अकरा दिवस झाले,
एकमेकींशी बोलत नाहीत.
कारण विचारलं की दोघी खिडकीकडे बोट दाखवतात:
एकीला ती उघडी हवी, एकीला बंद.
खिडकी काय, निमित्त.

ऑफिसने मला फाइल दिली आहे,
'मतभेद: सात पायऱ्या'.
तिसरीवर चहाचा डाग पडलाय,
तिथवरच पोचले होते मी.
समोरासमोर बसवलं, तर दोघी
माझ्याच बुटांकडे बघत राहिल्या.

आज घडीचं मशीन बंद पडलं.
चारशे चादरी, ड्रायरमधून निघालेल्या, कढत.
चादरीला टोकं चार, माणसाला हात दोन.
हे काही फाइलीत नाही.

मॉरीनने दोन टोकं उचलली, थांबली.
दनूताने उरलेली, मान फिरवून.
झटकली. पुढे आल्या, बोटं बोटांना लागली,
मागे सरल्या.
साठाव्या चादरीला मॉरीन म्हणाली, "ताण जरा."
"ताणलंच आहे," दनूता.
आणि कोण आधी हसलं ते
बॉयलरच्या आवाजात कळलं नाही.

खिडकी अर्धी उघडी होती.
कुणी केली, मी विचारलं नाही.

मेकॅनिकचा नंबर पहाटेपासून माझ्या खिशात.
फोन मी साडेसातला केला.