कपाटातला मी

आरेकिपातलं आमचं घर दोन खोल्यांचं, भिंती पांढऱ्या दगडाच्या,
बोललेलं सगळं परत अंगावर फेकणाऱ्या.
सगळ्यात शांत जागा म्हणजे कपड्यांचं कपाट.
वारलेल्या सासऱ्यांचा ओव्हरकोट आवाज छान गिळतो.
त्याच्या दोन बाह्यांच्या मध्ये लॅपटॉप,
गुडघे हनुवटीशी,
आणि आठ तास मी मी नसते.

दुभाष्यांचा नियमच आहे तसा.
"तो म्हणतो" म्हणायचं नाही.
बोलणाऱ्याचा 'मी' ओंजळीत घ्यायचा
आणि न सांडता पलीकडे द्यायचा.
सव्वासातला मी ह्यूस्टनमधला छपरं घालणारा,
शिडीवरून पडलो, डावा हात बधिर, विमा नाही.
मग मीच डॉक्टर, मला हाताचा एक्स-रे हवा.
मग बिल पाठवणारी बाई. तिचा 'मी' गुळगुळीत,
हाताला चिकटत नाही.

दाराखालच्या फटीतून यादिराची बोटं येतात,
कधी खडू, कधी अर्धं केळं.
मी बोटं दाबते. म्हणजे, आहे.
ती उलट दाबते. म्हणजे, अजून किती?
याचा अर्थ मात्र मला पुढे पोचवता येत नाही.

दुपारी शेजारच्या ओर्तेन्सियाबाई तिला दोन तास नेतात,
बदल्यात मी त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून देते.
गॅसवाला भोंगा वाजवत आला
की मी म्यूट दाबून श्वासही धरते.

यादिराला इंग्रजी येत नाही.
म्हणजे दुखण्याचा अर्धा भाग तिला कळतच नाही,
तिच्यापर्यंत पोचतात ते फक्त डॉक्टर,
माझ्या गळ्यातून, आमच्या घरच्या स्पॅनिशमध्ये.
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं

मंगळवारपर्यंत. अकरा मिनिटांची सुट्टी होती.
बाहेर आले, भात चढवला,
तर ती फरशीवर, कापडी लामासमोर, पाठ ताठ,
आवाज खालच्या पट्टीतला, माझाच :
"बसून घ्या. तुमच्यासोबत घरचं कोणी आहे का?
रिपोर्ट आलाय."
लामा गप्प.
"घ्या, हवा तेवढा वेळ घ्या," ती म्हणाली,
आणि रुमाल नव्हता म्हणून मोजा पुढे केला.

मला परवाची ती बाई आठवली, फ्रेस्नोची.
हुंदक्याचं भाषांतर करायचं नसतं,
तो दोन्हीकडे तसाच ऐकू येतो.
मी ओव्हरकोटाची बाही धरून थांबले होते.
बेचाळीस सेकंदांनी पुढचा कॉल : अक्कलदाढ.

मग तिनं मला पाहिलं. लामाला सारून जागा केली.
"बसून घ्या."
बसले.
"कुठे दुखतं?"
दिवसभर हेच विचारते मी,
मला म्हणून कुणी विचारलं नव्हतं.
पाठ, म्हणाले. मग मान.
मग जे होतं तेच : गळा.
तिनं मोजा गळ्याला लावला
आणि आठ्या घालून बराच वेळ ऐकलं.
भात खाली लागल्याचा वास येत होता.

"तुमच्यासोबत घरचं कोणी आहे का?"
"आहे," मी म्हणाले, "हे काय, इथेच."
तिनं मागे वळून पाहिलं,
कोण आलंय ते.