कोऱ्या कागदाचं वजन

आधी कोरा कागद तोलायचा.
चार ग्रॅम, पुढे दशांशात चार आकडे.
मग सड्यावरच्या शाळेच्या गच्चीत
यंत्राच्या तोंडात घालायचा.
आठ तासांनी चिमट्याने काढून
पुन्हा तोलायचा.
जी वजाबाकी उरते, ती वास्को.

सोळा वर्षं हीच नोकरी.
समोरच्या बाल्कनीतून ओफेलियाबाई विचारते,
"आयज कितलें?"
मी आकडा सांगतो.
ती कठड्यावर बोट फिरवून
बोट दाखवते.
अजून तरी आमचा हिशेब चुकलेला नाही.

कोळसा बंदरात उतरतो, वाघिणीत चढतो,
कुळ्याहून घाट चढून पलीकडच्या राज्यात जातो.
आमचा त्याच्याशी संबंध
फक्त उडण्यापुरता.

घाटमाथ्यावर, कॅसलरॉकला,
असंच यंत्र, असाच कागद,
आणि इरप्पा बडिगेर.
आठ वर्षं फोनवरचा आवाज.
पौषात त्याचा कागद वेगळा काळवंडतो:
पाचटाची राख, तपकिरी, हलकी,
नाकाशी धरली तर किंचित गोड.
रात्री ती दरीतून उतरते
आणि सकाळी माझ्या तराजूवर येऊन बसते.

परवा लोंढ्याला दोन्ही सरकारं बसली.
पाण्याचा खटला चालू आहे,
तेव्हा नदीचं नाव कुणी काढायचं नाही,
हे आधीच ठरलेलं.
तरी शिपायाने टेबलावर बाटल्या ठेवल्या त्या
एक इकडे, एक तिकडे,
मोजून.

आमचे साहेब म्हणाले, धूर तुमचा.
त्यांच्या बाई म्हणाल्या, धूळ तुमची.
मग नकाशा उलगडला.
हद्द होती, ठळक, लाल शाईत.
वारा कुठून कुठे, ते काढायला
कुणाच्या खिशात पेन्सिल नव्हती.
मी मागच्या खुर्चीत.
मला पाचवीचा वर्ग आठवत होता,
छडी आपटून म्हणून घेणारे तारी मास्तर:
दिवसा खारे वारे! रात्री मतलई वारे!
रोज दोनदा बदली,
आणि आदेशावर सही कुणाचीच नाही.

चहानंतर इरप्पाने पिशवीतून
आपला कागद काढला. मी माझा.
शेजारी शेजारी ठेवले, चिठ्ठ्या खालच्या बाजूला.
साहेबांनी जास्त काळा तो तिकडचा ठरवला.
बाईंनी तोच आमचा.
चिठ्ठी उलटल्यावर
कुणी काही बोललं नाही,
फक्त पंख्याचा वेग कमी करायला सांगितला.

ठरलं ते एवढंच:
आकडे रोज एकमेकांना कळवायचे.
पाचट पेटवण्याआधी खाली सांगायचं.
वाघिणी निघण्याआधी भिजवायच्या, वर ताडपत्री.
दोघांचे कागद एकाच गठ्ठ्यातले,
तोलायचे एकाच तराजूवर.
ताडपत्रीचे पैसे कुणाचे, ते पुढच्या बैठकीत.
इतिवृत्त इंग्रजीत. सह्या चार.
इरप्पाचं तोंड पाहिलं; आवाजापेक्षा म्हातारं निघालं.

आठवड्याभराने वरून परतत होतो.
करंझोळला आमची गाडी बाजूला घेऊन
मालगाडीला वाट दिली.
अठ्ठावन्न वाघिणी. ताडपत्री नऊंवर.
इरप्पाला लगेच कळवलं: नऊ.

तासाभराने उत्तर आलं:
"इथे आठच पोचल्या."

"एक घाटात उडाली असेल," मी म्हटलं.

तो जरा वेळ गप्प.
मग विचारतो,
"कुणाच्या हद्दीत?"