रकाना अकरा

रकाना अकरा : संशोधनाची गरज, दोनशे शब्दांत.
रात्रीचे साडेबारा. नंदुरबारची वीज येते-जाते,
पडदा लाल होऊन सांगतो, मर्यादा ओलांडली.

मी खोडते ठुमीबाई वसावे.
तिच्या जागी : महिला, वय ३४, मिरचीच्या पथारीवर रोजंदारी.
शब्द उलट वाढलेच.

खोडते ती हसून म्हणाली ते,
"पानी पेसू, मंग जाऊ कोठे, डॉक्टरबाई?
पथारीले आडोसा कोठे शे?"
लिहिते : अपुरे द्रवसेवन.

खोडते ते लालभडक मैदान, शिंका,
देठं खुडून चरचरणारी बोटं,
आणि त्याच बोटांत, पदराखाली झाकलेली
माझी लघवीची बाटली,
जणू चोरूनच आणलेली.

गेल्या वर्षीचं उत्तर अजून ड्रॉवरमध्ये आहे :
नमुना लहान, प्राथमिक पुरावा नाही.
पुरावा गोळा करायलाच तर पैसे मागितले होते.

भाईदास दर दोन तासांनी फ्रीजचं तापमान वहीत टिपतो,
वीज गेली की कुल्फीवाल्याला उठवून बर्फ आणतो.
बजेटात बर्फाला शीर्षक नाही.
'इतर'मध्ये ढकलला.

ठुमीबाईचं क्रिएटिनिन संक्रांतीला दोन होतं,
होळीला साडेचार.
तिसऱ्यांदा आलीच नाही ती,
तिची बहीण आली, तीही पथारीवरचीच.

एकशे नव्याण्णव. एक शब्द उरतो.
आडोसा, असं लिहिते
आणि 'सादर करा' दाबते.
चक्र फिरतं, फिरतं.
वीज गेली.

अर्ज पोचला की नाही, देव जाणे.
अंधारात आधी भाईदासला फोन लावते :
बर्फ.