आवाजावरून

उद्यमनगरात पहाटे साडेपाचला
इलाहीच्या गॅरेजचं शटर अर्धंच वर.
आत सात गाड्या, बाहेर पाऊस,
डिसेंबरातला, कुणी न बोलावलेला,
रात्रभर पत्र्यावर बसून राहिलेला.

जायचं का, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
कुणीतरी नाही म्हणालं असतं.

मी कालचा पेपर उघडून छातीवर घातला,
जाहिराती आत, निधनवार्ता बाहेर,
वर स्वेटर, वर रेनकोट,
मोज्यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या.
जिनपालनं येझदीला नऊ किका मारल्या.
दहावीच्या आधी थांबला,
टाकीवर हात ठेवला, आटलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि मग मारली.

रंकाळा दिसला नाही. वास आला त्याचा.
बालिंग्याच्या पुलावर भोगावती
धुकं होऊन वर रस्त्यावर आलेली.
पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही,
एकीला नुसतं लाल फडकं बांधलेलं, भिजून काळं झालेलं.
फडातला चिखल चाकांबरोबर डांबरावर.
"सायकलीगत चालवा रं," सर्जेराव ओरडला
आणि तोच पडला.
हळू, अगदी मापात,
जणू शेजारी निजलेल्याला जागं करायचं नव्हतं.

आरसा फुटला, गुडघा वाचला.
"मागचं बघून करायचंय तरी काय," म्हणाला,
तरी काचेचा एक तुकडा खिशात टाकलाच.

कळ्याच्या पुढं गुऱ्हाळ लागलं तेव्हा
क्लच कुठला आणि बोट कुठलं, कळत नव्हतं.
जळव्या चुलवाणात चिपाड सारत बसलेला.
आमच्याकडं बघितलं, आणि सरकला.
एवढंच.
आम्ही सात जण हात पुढं करून उभे,
पंगतीला बसल्यासारखे.
पाठीवर पाऊस, तोंडावर जाळ,
काहिलीत फेस पिवळा, मग तांबूस.

"कुठं निघालासा?" गुळव्यानं विचारलं.
"गगनबावड्याला."
"कोण वारलं का?"
"नाही. गाड्या बघायला. खालनं कोकणातले येतात, वरनं आम्ही."
तो आमच्या सात गाड्यांकडं बघत राहिला.
"गाड्या तर हितंच हायत की."

उत्तर नव्हतं कुणाकडं.
हसली फक्त प्रणोती,
सीपीआरमधली रात्रपाळी संपवून तशीच आलेली, बापाच्या आरएक्सवर.
हसता हसता तिचे दात वाजायला लागले.
गुळव्यानं वाटीत गरम काकवी ओतून
न बोलता तिच्यापुढं धरली.

साळवण. असळज.
मग रस्ता म्हणजे
पुढच्या गाडीचा एक लाल ठिपका,
तो हरवू नये म्हणून जपायचा, बस्स.

तीस वर्षं लेथवर काढली मी.
घरी म्हणतात, ह्यांचे कान गेले.
सून दोनदा सांगते, तिसऱ्यांदा हातानं दाखवते.
असेल. माणसांचं ऐकू कमीच येतं.

गगनबावड्यात चहाची एक टपरी उघडी.
गेल्या साली चाळीस गाड्या होत्या इथं, रस्ता अडला होता.
आज आमचाच बॅनर, एका दोरीवर उलटा लटकलेला.
फोनला रेंज नाही.
दुसरा चहा झाला.
सर्जेरावनं काचेचा तुकडा काढून त्यात दाढी बघितली.
"कोण मरायला येतंय असल्या पावसात," जिनपाल म्हणाला,
आपण आलोय, हे विसरून.

तेव्हा मी हात वर केला. गप्प बसा.
करूळ घाटात, पार खाली, वळणाच्या पोटात—
"दोन आहेत," मी म्हणालो.
"पुढं बुलेट, जुनी. टॅपेट ढिला झालाय.
मागं जावा. एकाच सायलेन्सरनं श्वास घेतीय."

कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.
समोर नुसतं पांढरं.

इलाही उठला,
मोज्यांतलं पाणी पिळलं,
आणि डिकीतून पाने काढायला लागला.