बिल्ला नंबर एकशे सतरा

बोट दुरुस्तीला लागली तेव्हा
ग्दान्स्कच्या गोदीत अकरा दिवस मोकळे मिळाले.
चौथ्या दिवशी रेल्वेने एका लहानशा गावी गेलो.
गावाचं नाव अजून मला म्हणता येत नाही,
सगळी व्यंजनं एकमेकांच्या मांडीवर बसलेली.

गाव सगळं लाल विटांचं, मधोमध गिरणी,
मी पहिलीत असेन तेव्हा बंद पडलेली.
दारात तिकीट. आत एक म्हातारी, जाड मोजे घातलेली,
काठीच्या टोकाने फरशी दाखवत होती:
तीस वर्षं जिथे ती मागासमोर उभी राहिली
तिथे टाचांचे दोन खळगे.
भिंतीवर हजेरीचे पितळी बिल्ले,
खिळ्याला एक.
काही खिळे रिकामे. मी बोट दाखवलं.
तिने गळ्यातली दोरी ओढून
स्वतःचा बिल्ला बाहेर काढला,
पुन्हा आत टाकला.

मला आमच्या फडताळाची किल्ली आठवली.
तिला बांधलेलं ते पितळ, पुसट नांगराचा छाप,
खाली ११७.
लहानपणी मी ते ओट्यावर गरगर फिरवायचो.

सुट्टीवर आलो. मे संपत होता.
बाबांना म्हटलं, चला, कौलांच्या कारखान्यात जाऊ.
"थंय काय आसा? माकडां नि घाणेरी."
तरी शर्टाला इस्त्री करून घेतली.

खाडीच्या कडेने रिक्षा गेली.
धुराड्यावर पिंपळ, धुराड्याएवढाच जुना वाटावा असा.
चिकणमातीच्या होड्या लागायच्या त्या धक्क्यावर
कुणीतरी सुकत घातलेले बांगडे.
फाटकाला कुलूप, पण कुंपण कुठेच नाही,
गुरं बाजूने आत-बाहेर करतात.
बाबा फाटकासमोरच थांबले.
"टायम हापीस हयसर होता," म्हणाले
आणि खिशात हात घातला.
किल्ली आणली होती त्यांनी.

मी गाईड होणार होतो.
त्या बाईचं सगळं मराठीत जुळवून ठेवलं होतं,
वारसा, जतन, असले शब्द.
बाबांनी काठीने रान बाजूला सारलं.
"तू गप रव. मी दाखवतंय."

ही मळणीची मशीन,
हेच्यात गणू धुऱ्याची दोन बोटां गेली.
हो प्रेस. हयसून दिसाक चार हजार.
भट्टी एकवीस वर्सां इझाक नाय,
पास्कू मुकादम गेलो, तेच्या मयताक
लोक पाळी बदलून गेले.

मग सिमेंटचे पत्रे आले.
आणि पहिल्या कंत्राटाच्या पैशांतून
मीच आमच्या घरावर स्लॅब घातला,
ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.

सुकवणीच्या छपराखाली ते जरा थांबले.
"हयसून बायको ओली कौलां न्हेत, डोक्यार, पाच-पाच.
तुजी आवय तेंच्यातली. सगळ्यांत संथ चलायची.
तिच्या डोक्यारचा कौल कधी फुटाक नाय."
मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.
विचारलं, आईचा नंबर किती?
"बायकांका खयचो नंबर?
तेंची डोकी मोजीत."

टायम ऑफिसची भिंत कमरेएवढी उरली होती,
तिच्यात एक गंजका खिळा.
बाबांनी किल्लीसकट बिल्ला त्यावर अडकवला,
शेजारच्या दगडावर बसून पान खाल्लं, सावकाश.
उठताना काढून घेतला.
"सुटताना न्हेवचो लागता.
नायतर उद्याची हजेरी खंय?"

घरी आई दारातच.
"फडताळाची किल्ली खंय गेली होती सकाळपासून?"
बाबांनी पुढे केली. कुठे गेलो होतो ते सांगितलं नाही.
तिने पितळ पदराने पुसलं,
त्यावरची लाल माती बोटाला लागली ती पाहिली,
आणि आत गेली,
मान ताठ, पाऊल संथ,
डोक्यावर काहीतरी ओलं असल्यासारखी.