चित्र क्रमांक सत्तावीस

बाई येतात सहा महिन्यांतून एकदा, दोन बोटी बदलून,
चाकांची पेटी ओढत. पेटीत चित्रांची चळत, ठोकळे,
आणि एक घड्याळ, जे मांडीवर लपवायचं असतं,
वेळ मोजली जातेय हे मुलाला कळू नये म्हणून.
ऑस्लाला कळतं.
ती चित्राकडे नाही, बाईंच्या अंगठ्याकडे बघते.

मी दाराजवळच्या खुर्चीत.
मदतनीसानं हजर राहायचं, पण गप्प, असा नियम आहे.
आठवड्याला साडेअकरा तास मी तिची सावली,
आजचा दीड तास नुसती भिंत.

"झाड दाखव."
शेटलंडच्या या टोकाला झाड म्हणावं असं एकच,
चर्चच्या कुंपणाआड, कुंपणाएवढंच.
त्याहून वर डोकं काढलं की वारा छाटतो.
ऑस्ला झुडपावर बोट ठेवते. शून्य.

"सिग्नल."
सिग्नल आम्ही पाहतो तो रस्ता खणलेला असला तरच.
शून्य.

"सत्तावीस. हे काय आहे?"
छत्री आहे. उघडी, काळी, काड्या दिसणारी.
या बेटावर छत्री कोण उघडतं?
ऑस्ला बघत राहते. अंगठा हलतो.
मग तिच्या तोंडातून एकेक शब्द निघतो,
विहिरीतून कळशी ओढावी तसा:
"पक्षी. मेला. वाळूत."

बाई वाईट नाहीत. त्यांचं पेन क्षणभर अधांतरी राहिलं,
मी पाहिलं.
मग शून्य, आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी,
जे माझ्या खुर्चीवरून वाचता आलं नाही.

दुपारी तिची आई आली, मासे सोलायच्या कारखान्यातून थेट,
पांढऱ्या गमबुटांत, हात मांडीवर पालथे ठेवून बसली.
बाई समजावून सांगत होत्या,
"शंभर मुलं ओळीत उभी केली, तर ऑस्ला मागून चौथी."
"शंभर मुलं आहेत कुठे?" आई म्हणाली. "शाळेत अकरा आहेत."
हेडमास्तर हसले, मग हसू गिळून कागद सरळ करू लागले.
"आणि चौथीला तास वाढवून मिळतात,
की त्यासाठी दुसरी यायला हवं होतं?"

शेवटच्या बोटीला चाळीस मिनिटं होती.
कुणी उत्तर दिलं नाही.

आता माझं सांगते.
सत्ताविसाव्या चित्राला, ती तोंड उघडत असताना,
मी मनात म्हणाले, चुक गं बाळा, चुक.
शून्याला तास मिळतात.
माझा पगारही त्याच तासांतून निघतो, हेही खरं,
आणि त्या क्षणी यातलं कुठलं आधी मनात आलं
ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

दोन तास वाढले. सहीशिक्क्याचा कागद आला एप्रिलात.
दोन तासांत काय होतं?
डाव्या बुटाची नाडी होते.
बीचं पोट कुठं आणि डीचं कुठं, हे सोमवारी होतं,
गुरुवारी पुन्हा पुसून जातं.
जेवणाच्या घंटेला ती टेबलाखाली जायची,
आता माझी बाही धरते. ह्याला गुणांचा रकाना नाही.

हरवल्या-सापडल्याच्या खोक्यात एक छत्री आहे,
कुणा पर्यटकाची.
महिनाभर मी ती तिथंच ठेवली.
दाखवली तर शब्द येईल, शब्द आला तर गुण येईल,
आणि गुण आला तर, कोण जाणे, तास जाईल.

काल दाखवली.
पटांगणात नेली, म्हटलं, "बघ, छत्री," आणि उघडली.
वाऱ्यानं एका झटक्यात उलटी केली तिला,
कापड फाटून लोंबलं, काड्या आभाळाकडे.
ऑस्लानं आधी तिच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मी सांगितलं नव्हतं का, अशा नजरेनं.